चिंचेनं घासलेली प्लेट

जर्सी सिटीतल्या आमच्या दुकानात ती प्लेट आली, तेव्हा मालकांना तो जुना ट्रे वाटला. "हँडल तुटलंय का?" असं त्यांनी त्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं. बाई ऐंशी ओलांडलेल्या, काठी टेकत आलेल्या, पण आवाज शाळेच्या हेडबाईंसारखा. त्या म्हणाल्या, "हा ट्रे नाही. ही छपाईची प्लेट आहे. माझ्या नवऱ्याच्या पणजोबांनी बेल्जियममध्ये कोरलेली. अकरा वर्षं लागली त्यांना."

मी मागच्या बाकावर ट्रॉफींना नावाच्या पट्ट्या चिकटवत होतो. अकरा वर्षं हे शब्द ऐकले आणि हातातलं काम टाकून पुढे आलो.

ही २००४ सालातली गोष्ट. दुकानात आम्ही ट्रॉफी, दारावरच्या पाट्या, कंपन्यांचे उठावाचे शिक्के असं सगळं करायचो. तीन मशीनं होती. हातानं कोरणारा मी एकटा. नाशिकला भांड्यांच्या दुकानाबाहेर गोणपाटावर बसून मी भांड्यांवर नावं घालायला शिकलो. 'मामाकडून सप्रेम भेट' हे मी इतक्या पातेल्यांवर घातलंय की डोळे मिटूनही घालीन. तिथून मुंबईला शिक्क्यांच्या कारखान्यात, तिथून इथे. मला कुणी बोट धरून आणलं नाही. जे मिळवलं ते भांडून मिळवलं. भाव पाडण्यात आणि भाव चढवण्यात माझा हात कुणी धरला नाही, आणि राग आला की समोर कोण आहे हे मी पाहत नाही.

मालक मात्र पाहावे लागत. ते फार पूर्वी इथे आलेले मराठी इंजिनिअर. इथल्या मराठी मंडळातले सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. माझा व्हिसा त्यांच्या दुकानाचा, माझ्या ग्रीन कार्डाचा अर्जही त्यांच्याच सहीनं गेलेला. सहा वर्षं तो अर्ज इकडून तिकडे सरकत होता. बोटांचे ठसे देऊन झाले होते, आता फक्त वाट पाहायची होती. त्यांनी मनात आणलं तर एका पत्रानं सगळं संपलं असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आणि तरी माझं त्यांच्याशी एक जुनं वैर होतं. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या कार्यक्रमासाठी मी चांदीचं मानपत्र हातानं कोरलं होतं. बाराखडीतलं एकेक वळण, एकेक वेलांटी, चाळीस दिवस. स्टेजवर काका माइक धरून म्हणाले, "ही आमच्या नव्या मशीनची कमाल!" टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत जिलेबीची बशी धरून उभा. गाडीत मी विषय काढला, तर म्हणाले, "अरे, मशीन म्हटलं की ऑर्डरी येतात. मनावर काय घेतोस यार!" मी मनावर घेतलं. अजून घेतो.

तर ती बाई. प्लेट तिला बेल्जियममधल्या एका लहान गावच्या म्युझियमला द्यायची होती. त्यासाठी लाकडी पेटी आणि पेटीवर पितळी पाटी आमच्याकडून हवी होती. मापं घ्यायला प्लेट आठवडाभर दुकानात राहणार होती. काकांनी पावती लिहून दिली: वस्तू आमच्या ताब्यात, जबाबदारी आमची. पाटीवर काय लिहायचं ते ठरवायला मदत व्हावी म्हणून बाईंनी सहा टाइप केलेली पानं ठेवली. सासरच्या फ्रेंच पत्रांवरून त्यांनी स्वतः लिहिलेलं त्या कोरणाऱ्याचं चरित्र.

काकांनी पानं ड्रॉवरमध्ये टाकली. मी ती जेवणाच्या सुट्टीत डिक्शनरी घेऊन वाचली.

तो माणूस कुलूपवाल्याचा मुलगा. लहानपणी बंदुकांच्या दस्त्यांवर वेलबुट्टी कोरायचा. मग अँटवर्पच्या कलाशाळेत रात्रीच्या वर्गाला गेला, बक्षीस मिळवलं, पॅरिसला एका नावाजलेल्या कोरणाऱ्याच्या हाताखाली लागला. तिथे सहा वर्षं प्लेटा यानं कोरल्या, नाव गुरूचं पडलं. भांडण करून तो परत आला. पुढे सरकारनं त्याला एका जुन्या मोठ्या चित्राची प्लेट करायला सांगितली. त्याला वाटलं तीन वर्षांत होईल. अकरा लागली. तोवर फोटो आले होते. जे चित्र त्यानं रेघ रेघ करून तांब्यात उतरवलं, त्याचा फोटो कुणीही दुपारभरात काढू शकत होता. छापलेले कागद तळघरात पडून राहिले. उरलेलं आयुष्य त्यानं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि पत्रं लिहिली. चित्रकाराचं नाव डावीकडे केवढं मोठं आणि माझं उजवीकडे केवढं बारीक, यावर त्यानं प्रकाशकाशी किती वर्षं वाद घातला ते वाचून मला जेवण गोड लागलं. हा आपला माणूस, असं मी मनात म्हटलं.

पण एका पत्राबद्दल बाईंनी जे लिहिलं होतं ते वाचून घास अडकला. प्लेटच्या शेवटच्या दोन वर्षांत तो सकाळी कामाला बसण्याआधी अर्धा तास नुसता आपलाच हात धरून बसायचा. भीतीनं. नऊ वर्षांचं काम खाली, वर हत्यार. एकदा हात सुटला तर ती रेघ परत घेता येत नाही.

गुरुवारी काका कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मुलीकडे गेले. किल्ली माझ्याकडे. शुक्रवारी संध्याकाळी मी प्लेट टॉवेलात गुंडाळून घरी नेली.

का नेली, हे पुढे मला तीन जणांनी विचारलं. उत्तर एकच: बघायला. दुकानात फोन वाजत असतो, माणसं येत असतात. मला एक पूर्ण संध्याकाळ टेबल-लॅम्प आणि भिंग घेऊन बघायचं होतं की या माणसानं रेघ कशी ओढलीय. चोरी माझ्या मनात नव्हती. पण विचारलंही नव्हतं, आणि कुणाला सांगितलंही नव्हतं.

प्लेट जवळजवळ दीड हात लांब होती, रंग मळकट चांदीसारखा राखाडी. फक्त कडेला, जिथे घासटली होती तिथे, तांबं दिसत होतं. चित्र उलटं. वादळात सापडलेली होडी, तिच्यात सात माणसं, सातांच्या चेहऱ्यावर वेगवेगळी भीती. एक ओरडतोय, एकानं डोळे झाकलेत, एक नुसता वल्ह्याकडे बघतोय. आणि वर आकाश. ते आकाश म्हणजे शेजारी शेजारी ओढलेल्या हजारो रेघा, केसापेक्षा बारीक, एकीला एक न लागलेली. मी नऊ वाजेपर्यंत बघत बसलो. मग प्लेट टॉवेलात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या शेल्फवर, डब्यांच्या मागे ठेवली.

ही चूक. शेल्फ आईचं होतं.

आई जानेवारीत आली होती, सहा महिन्यांसाठी. रविवारी पाडवा होता. पाडव्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरी तांब्यापितळेचं सगळं घासून निघतं, ते नाशिकला असो नाहीतर जर्सीला. शनिवारी मी अर्धा दिवस दुकान उघडून दोन वाजता घरी आलो. जिन्यातच चिंचेचा वास. आत आलो तर खिडकीखाली वर्तमानपत्रावर कलश, ताम्हन, पळी, समया, निरांजनं ओळीनं उपडी घातलेली. आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली ती प्लेट. नव्या हंड्यासारखी लालभडक.

आई पदराला हात पुसत आली. "अरे, केवढी काजळी चढली होती रे तिच्यावर! कडेला तांबं दिसलं म्हणून कळलं तरी. सकाळी चिंच नि मीठ लावून ठेवली, दोन तास भिजू दिली, मग शेंडीनं घासली. बघ आता."

माझी मुलगी चौथीत होती. ती सोफ्यावरून म्हणाली, "आय टोल्ड हर, डॅडी. आय सेड दॅट्स नॉट अ प्लेट प्लेट."

माझ्या तोंडून काय काय निघालं ते मी लिहिणार नाही. आईवर मी आयुष्यात एवढा ओरडलो नव्हतो. आईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा झाला. "तांबं घासलंय मी," ती म्हणाली. "कुणाचा गळा नाही कापला." आणि आतल्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

मी प्लेट खिडकीजवळ नेली, भिंग लावलं. राखाडी थर कुठेच उरला नव्हता. तो थर म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तेच कोरलेलं पृष्ठ असणार आणि आईनं अकरा वर्षं चिंचेत विरघळवून मोरीत सोडली. पण होडी होती. माणसं होती. रेघा दिसत होत्या, उलट जास्तच तीक्ष्ण. मग मी प्लेट उजेडात तिरकी केली. आकाशात, त्या न लागलेल्या रेघांवर आडवे, तिरपे, गोल गोल ओरखडे. नारळाच्या शेंडीचे. भांडं घासताना हात जसा फिरतो तसे.

बायको तिच्या ग्रोसरीतल्या कामावरून आली तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो. ती म्हणाली, "अहो, सोमवारी त्या बाईंना खरं सांगून टाका."

"खरं सांगू? विचारल्याशिवाय घरी नेली हे सांगू? ताब्यातली वस्तू, लेखी पावती आहे. पोलिसात नाव गेलं तर फाईल बंद. कळतंय का तुला? फाईल बंद म्हणजे आपण तिघंही परत."

न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यानंतरच्या त्या वर्षांत आमच्यासारख्यांच्या घरात ही भीती कायमची राहायला आली होती. खालच्या मजल्यावरचा एक टॅक्सीवाला कसल्याशा किरकोळ भांडणात पोलिस चौकीत गेला, ते त्याचे कागद बघताबघता सहा महिने परत आला नाही. बायकोच्या दुकानात लोक त्याचं नाव हळू घेत. मी स्वतः पासपोर्टांच्या झेरॉक्स पाकिटात, गाडीत आणि दुकानाच्या ड्रॉवरमध्ये अशा तीन जागी ठेवायचो. दारावर जोरात थाप पडली की बायको गॅस बारीक करायची.

शनिवारी चार वाजता मी हार्डवेअरच्या दुकानातून चंदेरी रंगाचा डबा आणला. सांगायला लाज वाटते, पण आणला. एका कोपऱ्यात ब्रशनं लावून बघितला. गणपतीच्या मुकुटासारखा चमकला. तो थिनरनं पुसायला घेतला तेव्हा बायकोनं माझ्या हातातून फडकं काढून घेतलं आणि स्वतः पुसलं. मग मनात दुसरा डाव आला. प्लेट पेटीत ठेवायची आणि म्हणायचं, आली तेव्हा अशीच होती. एक म्हातारी बाई, तिच्या नजरेचा काय भरवसा? डाव चांगला होता. बसवून बसवून बघितला. पण सहा पानं वाचली होती ना. त्या माणसाचा हात धरून बसलेला अर्धा तास डोळ्यासमोरून जाईना.

रविवारी गुढी उभारली. आईनं केली सगळी पूजा, माझ्याकडे न बघता. श्रीखंडाची वाटी समोर ठेवून ती फक्त एवढं म्हणाली, "जेव." तेवढ्यात काकांचा फोन. "हॅपी पाडवा! ऐक, ती म्हातारी उद्या सकाळी दहाला येतेय. बरोबर एक एक्स्पर्ट आणतेय, म्युझियमसाठी प्लेट तपासायला. मी एअरपोर्टवरून डायरेक्ट येतो. प्लेट काढून ठेव, जरा क्लीन कर."

क्लीन कर. मला हसू आलं.

सोमवारी दहाला सगळे जमले. काका बॅगसकट. बाई काठीसकट. आणि त्यांच्याबरोबर साठीचा, पांढऱ्या दाढीचा, नखांत काळी शाई बसलेला माणूस. तो आयुष्यभर जुन्या प्लेटांवरून हातानं छपाई करणारा. त्यानं टॉवेल उलगडला. बाईंचा हात तोंडावर गेला. मी काउंटरची कड धरून उभा होतो. दाराकडे मी सारखा बघत होतो, जणू पोलिस बाहेर येऊन थांबलेतच.

दाढीवाल्यानं खिशातलं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "हिच्यावरचं लोखंड कुणी काढलं?"

मला प्रश्नच कळला नाही. तो बाईंना समजावू लागला. तांबं मऊ, छापताना रेघा झिजतात. म्हणून त्या काळी वर लोखंडाचा अगदी पातळ मुलामा चढवायचे. हिच्यावरचा मुलामा खालून गंजायला लागला होता. गंज तांब्यात उतरला असता तर रेघा गेल्या असत्या. तो काढायलाच हवा होता, पण आम्ल लावायची कुणाची हिंमत होत नव्हती. "ज्यानं काढला त्यानं छान काढलाय," तो म्हणाला. "खाली एक डाग नाही."

"वी डू दॅट," काका लगेच म्हणाले. "आमच्याकडे त्याची खास प्रोसेस आहे."

इतकी वर्षं या माणसानं माझं काम आपलं म्हणून विकलं, म्हणून मी दात खाल्ले होते. त्या क्षणी मी मनोमन म्हणत होतो, विका काका, हेही विका, आणि यांना बाहेर काढा.

दाढीवाल्यानं प्लेट खिडकीकडे तिरकी केली. "आणि हे आकाशात काय झालंय? ही कसली प्रोसेस?"

काका वाकले. ओरखडे त्यांनाही दिसले. ते सरळ झाले आणि त्यांचं बोट माझ्याकडे वळलं. "ही वॉज इन चार्ज. मी तर कॅलिफोर्नियात होतो."

एवढ्यासाठी मी त्यांना कधी माफ करणार नाही. पण त्याच बोटानं माझी जीभ सुटली. मी सांगितलं. घरी नेली. आईनं घासली. चिंचेनं. चिंच म्हणजे काय हे सांगायला मला हातवारे करावे लागले. शेंग असते, आंबट असते, आम्ही तांबं तिनंच घासतो, सण होता. बाई खुर्चीवर बसल्या.

"घरी का नेलीत?"

"बघायला."

काका मराठीत फिस्कारले, "गप्प बस गाढवा! पोलिस केस होईल!"

"काय म्हणाले ते?" बाईंनी मला विचारलं.

"पोलिस म्हणाले," मी सांगितलं. खोटं काय बोलायचं आता.

बाईंनी काकांकडे एकदा बघितलं, मग दाढीवाल्याकडे. "हे निघतील का?"

निघतील, तो म्हणाला, पण आकाशात नाही. म्हणजे मोकळ्या जागी ओरखडा असेल तर तेल लावून गुळगुळीत पोलादी घोटणीनं घोटून तांबं बसवता येतं. इथे दोन रेघांमध्ये केसाएवढी जागा. घोटणी जरा सरकली की शेजारची रेघ मिटते. हे करणारे दोघे त्याच्या माहितीत होते. एकाचा हात आता कापतो, दुसऱ्यानं काम सोडलंय.

"मी करतो," मी म्हणालो.

दाढीवाल्यानं माझ्याकडे जसं पाहिलं तसं मी गिऱ्हाईकाकडे पाहतो, खिशात किती आहे याचा अंदाज घेत. त्याच्या पिशवीत सरावाचा तांब्याचा तुकडा होता, त्याच्यावर दाट रेघा. त्यानं खिळ्यानं त्याच्यावर एक ओरखडा काढला आणि तुकडा माझ्यापुढे सरकवला. माझे हात कापत होते. घोटणीचं टोक तांब्याला लागलं तसे थांबले. हे माझं लहानपणापासूनचं आहे, हत्यार टेकलं की हात माझा राहत नाही. वीस मिनिटांनी त्यानं भिंगातून पाहिलं आणि बाईंना म्हणाला, "याला येतं."

बाईंनी अट घातली. प्लेट त्यांच्या घरातून हलणार नाही. मी दर रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या समोर बसून काम करायचं. पूर्ण झालं की त्या काकांना तसं पत्र देतील. नाही झालं, तर पावती आहेच. काका मान डोलावत राहिले.

ते दोघे गेल्यावर काकांनी दार लावलं. "चोरून घरी नेतोस? उद्याच वकिलाला फोन करतो. तुझी फाईल मागे घेतो. जा नाशिकला, घाल भांड्यांवर नावं."

मी इतका घाबरलो होतो की राग यायलाच जागा नव्हती. कदाचित म्हणूनच नीट बोललो. "घ्या मागे. मी गेलो तर आकाश कोण नीट करणार? तुमचं मशीन? पावतीवर सही माझी नाही, तुमची आहे. ती बाई तुम्हाला कोर्टात नेईल. मी इथे आहे तोवर तुम्हीही कोर्टाच्या बाहेर आहात."

काकांनी बॅग खाली ठेवली. मग म्हणाले, "साला, बार्गेन करतोयस?"

"हो."

त्यांनी फोन केला नाही.

बाईंचं घर टेकडीवर, दोन बस बदलून. पहिल्या रविवारी मी कामाला बसलो आणि अर्धा तास नुसता हात धरून बसलो. बाईंना नवल वाटलं नाही, त्यांना ते पत्र पाठ होतं. तिसऱ्या रविवारी आई माझ्या मागे लागली, "मला ने त्यांच्याकडे." तिनं बाईंचे दोन्ही हात धरले आणि मराठीत बोलत राहिली. बाई इंग्रजीत बोलत राहिल्या. मग आईनं टेबलावरची मटारची पिशवी ओढली आणि सोलायला बसली. दोघींनी मिळून सोलले. जूनमध्ये आई परत गेली.

दर रविवारी बोटाच्या पेराएवढं आकाश साफ व्हायचं. प्रत्येक हात फिरवताना वाटायचं, आत्ता सरकणार, आत्ता एक रेघ मिटणार, आणि त्या रेघेबरोबर आमचं सगळं. मी श्वास धरून काम करायचो, घरी आल्यावर छाती दुखायची. पण हात सरकला नाही. जुलै उजाडला तेव्हा बोटाच्या पेराएवढा कोपरा उरला होता. एका रविवारचं काम.

आणि तिथे मला नवी भीती भेटली. काम पूर्ण झालं की पत्र. पत्र मिळालं की काका मोकळे. काका मोकळे झाले की त्यांना माझी गरज नाही, आणि वकिलाचा नंबर त्यांच्या फोनमध्ये. माझा अर्ज अजून कुठेतरी ढिगाऱ्यात होता. मी हिशेब केला आणि हात आखडला. रविवारी जायचो, तेल लावायचो, साफ झालेल्या जागेवरूनच घोटणी हलकेच फिरवायचो आणि तेल पुसून उठायचो. असे पाच रविवार काढले.

मधल्या एका आठवड्यात बाईंना हॉस्पिटलात न्यावं लागलं. हृदय. परत आल्या तेव्हा जास्तच वाकल्या होत्या. टेबलावर बेल्जियमहून आलेलं पत्र होतं. प्लेट कधी येते, कार्यक्रम ठेवायचाय, तुम्ही स्वतः याल का, असं विचारलेलं.

सहाव्या रविवारी त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तो भाग तुम्ही जूनमध्येच पूर्ण केलाय."

मी खोटं तयार ठेवलं होतं, तांबं थकतं वगैरे. ते सोडून दिलं. मी त्यांना फाईलचं सांगितलं. काकांचं सांगितलं. टॅक्सीवाल्याचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"किती दिवस लागतील तुमच्या कागदांना?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं."

त्यांनी बेल्जियमच्या पत्राची घडी केली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. "मग सावकाश करा," त्या म्हणाल्या.

पुढे मी दर रविवारी जायचो आणि काही करायचो नाही. आम्ही चहा प्यायचो. त्या मला पणजोबांची पत्रं वाचून दाखवायच्या. त्या आणखी वाकत गेल्या. जिना चढणं बंद झालं, पलंग खाली आला. मला ते सगळं दिसत होतं. मी प्रत्येक रविवारी ठरवायचो की आज कोपरा पूर्ण करून टाकू, आणि प्रत्येक रविवारी चहाचा कप धुऊन घरी यायचो. दोन भीती होत्या, त्यातली माझी जास्त वजनदार ठरत होती, आणि दुसरी त्यांची होती, प्लेट पोचेपर्यंत आपण राहू की नाही ही.

ऑक्टोबरच्या शेवटी एका मंगळवारी लिफाफा आला. तीन ग्रीन कार्डं. बायको जमिनीवर बसून रडली. मी दुकानात सुट्टीसाठी फोनही न करता तशीच बस पकडली.

बाईंनी दार उघडायला खूप वेळ लावला. मी थेट स्वयंपाकघरात गेलो. प्लेट टेबलावर घेतली, तेल लावलं, भिंग डोळ्याला लावलं. उरलेलं आकाश साफ झालं आणि मी घोटणी खाली ठेवली.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती. मीही पाहिलं. मग त्यांनी पत्राचा कागद ओढला आणि काकांना लिहायला घेतलं. तारखेच्या जागी त्या थांबल्या आणि मला विचारलं, आज कितवी?